गुरुजी निघाल्या बाई

१२ ऑगस्ट, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या पुढे लोकांच्या उपयोगी पडतात, आणि मी लवकरच मोठा होणार आहे. आमच्या चष्म्याच्या दुकानाची नवी शाखा निघतेय. तिला मॅनेजर लागणार. मालक काल माझ्याकडे दोनदा बघून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "शर्टाचं बटण लावा." पण बघितलं, हे खरं.

आणखी एक घटना. गॅलरीत गुलाबाच्या कुंडीत एक हिरवा किडा दिसला. बोटाएवढा. पुढचे दोन्ही हात जोडून उभा. मी दात घासून आलो, दाढी करून आलो, तरी हात जोडलेलेच. बायकोला हाक मारली, ये लवकर, नाकतोडा प्रार्थना करतोय. ती डबा भरत होती. म्हणाली, "त्याला सांगा, आमच्यासाठीही कर. आणि तुम्ही आंघोळीला जा."

१३ ऑगस्ट
मेहुण्याला फोटो पाठवला. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे स्वभाव दुरुस्त्या काढण्याचा. लगेच फोन. "भाऊजी, नाकतोडा नाही. प्रार्थनाकीटक आहे, मँटिस. नाकतोडा गवत खातो आणि उड्या मारतो. हा एका जागी बसून राहतो. जगात याच्या चोवीसशेच्या वर जाती आहेत. काही पानासारख्या, काही काटकीसारख्या, काही तर चक्क फुलासारख्या दिसतात."
मी विचारलं, ही जात कोणती?
म्हणाला, "फोटोत तुमचा अंगठा जास्त आलाय."
बहुधा नवीन जात असणार. त्याला सांगता आलं नाही, म्हणून अंगठ्यावर ढकललं.
नाव ठेवलं: गुरुजी.
संकल्प: गुरुजींसारखं स्थिर, शांत, नम्र राहायचं. मॅनेजरला हेच गुण लागतात.

१४ ऑगस्ट
दुकानात अंमलबजावणी. गॉगलच्या स्टँडशेजारी हात जोडून उभा राहिलो. हलायचं नाही. गिऱ्हाईक आपणहून जवळ आलं पाहिजे.
आलं. एक वयस्क बाई आल्या. त्यांनी स्टँडवरचा गॉगल काढला आणि माझ्या नाकावर चढवला. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. पुन्हा पुढे येऊन नीट बसवला. बरोबरच्या मुलीला म्हणाल्या, "पुतळ्याला बरा दिसतोय. पण तुझ्या बाबांचं नाक याच्याएवढं नाही."
मी नम्रपणे म्हणालो, "नमस्कार."
बाई खालीच बसल्या. डोळे तपासणाऱ्या डॉक्टर मॅडम पाणी घेऊन धावत आल्या. फिटर, म्हणजे आमच्याकडे काचा घासून फ्रेममध्ये बसवतो तो, आतल्या खोलीत इतका हसला की त्याच्या हातातली काच फुटली. त्याच्यात गांभीर्य नाही. मालकांनी सगळं बघितलं. नोंद घेतली असणार.

१७ ऑगस्ट
गुरुजी उपाशी. हात जोडणारा माणूस मांस खाणार नाही, म्हणून भिजवलेली डाळ ठेवली. नाही. भात. नाही. काकडीची चकती. तिच्यावर उभे राहिले, पण खाल्ली नाही. वैराग्य.

संध्याकाळ
गुरुजींनी माशी खाल्ली.
मी समोरच होतो. जोडलेले हात क्षणात सुटले, माशी हातात, परत सगळं शांत. हाताला आतून काटे आहेत. माशी जिवंत असतानाच डोक्यापासून सुरुवात केली. नंतर हात चाटून स्वच्छ केले.
माशीनेच काहीतरी केलं असणार. गुरुजी उगाच असं करणार नाहीत.

२१ ऑगस्ट
गुरुजी गेले.
सकाळी काडीला उलटे लटकलेले. वाळलेले, पांढुरके, हातपाय तसेच. हात लावला तर पोकळ. आतून सगळं संपलेलं. बायको मीटिंगला पोचली होती, तिला फोन केला. ती दबक्या आवाजात म्हणाली, "कोण गेले?" मी म्हटलं, "गुरुजी." मग कुणाला तरी म्हणाली, "सॉरी हं, आमच्याकडे एक..." आणि बाहेर येऊन मला जे बोलली ते इथे लिहीत नाही. दुःखात माणसाचा तोल जातो.
दुकानात सुट्टी मागितली. मालकांनी विचारलं, "तुमचे कोण?" खोटं बोलवेना. म्हटलं, "मार्गदर्शक." मिळाली.

दुपार
गुरुजी आहेत!
वरच्या पानावर. आधीपेक्षा मोठे. पाठीवर पंख. मेहुणा म्हणतो, कात टाकली. यांना फुलपाखरासारखी अळी नसते, कोश नसतो. लहानपणापासून हाच अवतार, कात टाकत टाकत वाढतात. शेवटच्या कातीनंतर पंख येतात. "पंख आले म्हणजे मोठे झाले. आता पुढे फार दिवस नसतात हं, भाऊजी."
शेवटचं वाक्य अनावश्यक होतं.
सुट्टी मिळालेलीच होती, ती पूर्ण झोपून काढली.

२६ ऑगस्ट
महत्त्वाचा शोध. गुरुजी फक्त माझ्याकडे बघतात. त्यांच्या मोठ्या हिरव्या डोळ्यांत काळा ठिपका आहे. मी डावीकडे गेलो, ठिपका डावीकडे. उजवीकडे गेलो, उजवीकडे. खाली वाकलो, खाली. इतक्या लक्षपूर्वक माझ्याकडे लग्नातसुद्धा कुणी बघितलं नव्हतं.
बायको म्हणाली, "माझ्याकडे बघतोय तो." ती दुसऱ्या टोकाला उभी होती. आमचं भांडण झालं. निकालासाठी मेहुण्याला फोन.
म्हणाला, "कुणाकडेच नाही. तो ठिपका म्हणजे बुबुळ नव्हे. डोळ्याचा जो भाग तुमच्या अगदी समोर येतो, तो तुमच्या बाजूचा प्रकाश शोषतो, म्हणून काळा दिसतो. प्रत्येकाला वाटतं, माझ्याकडेच बघतोय."
मी इतकी वर्षं काचांच्या धंद्यात आहे. मला प्रकाश शिकवतो.

३० ऑगस्ट
वाचलं की काही शास्त्रज्ञांनी मँटिसना छोटे चष्मे लावले होते. अंतर नेमकं कळण्याची नजर यांना आहे, हे त्यातून सिद्ध झालं. म्हणजे जगातल्या या सर्वांत महत्त्वाच्या कामात चष्म्याच्या दुकानातला एकही माणूस नव्हता! मी लगेच डेमो काचेच्या कडेचे दोन तुकडे कापले. गुरुजींना चिमटीत धरलं.
त्यांनी मान गर्रकन फिरवून मागे बघितलं आणि माझं बोट दोन्ही हातांनी पकडलं. हस्तांदोलन. बराच वेळ चाललं. रक्त आलं.
दुकानात विचारलं तर सांगितलं, फ्रेम लागली. फिटर म्हणाला, "फ्रेमला दात होते का?"

४ सप्टेंबर
बायको जेवताना म्हणाली की तिला बढती देतायत. विमा कंपनीच्या दुसऱ्या गावच्या ऑफिसची प्रमुख. नोव्हेंबरात हजर व्हायचं. तिकडे कंपनीचं घरही आहे.
मी समजावलं की हे जमण्यासारखं नाही, कारण मी इथे मॅनेजर होतोय.
"मालक तसं म्हणाले?"
म्हटलं, "म्हणायचं राहिलंय."
तिने ताटातली चवळी एकेक करून खाल्ली. मग म्हणाली, "ठीक आहे. बघते मी."
बघते म्हणजे नकार कळवते. समजूतदार आहे.

११ सप्टेंबर
गुरुजींकडे शिष्य आला! आपणहून, उडत. बारीक, तपकिरी, लाजरा. बराच वेळ मागे लांब उभा होता. एक पाऊल टाकायचा, थांबायचा. वारा आला की पानाबरोबर हलायचा, परत एक पाऊल. गुरूजवळ कसं जावं हे शिकण्यासारखं आहे. मी मालकांच्या केबिनमध्ये सरळ घुसतो, ते चुकतं.
शेवटी गुरुजींनी त्याला पाठीवर घेतलं. डोळे भरून आले.

१२ सप्टेंबर, सकाळ
शिष्य अजून पाठीवर आहे. त्याला डोकं नाही.
तरी त्याची साधना चालू आहे. हे कसं, कळत नाही.

संध्याकाळ
शिष्याचे फक्त पंख उरलेत.
बायकोला सांगितलं की शिष्य गुरूत विलीन झाला. ती कुंडीपाशी जाऊन बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मग परत गुरुजींकडे. म्हणाली, "छान आहेत हो तुमचे गुरुजी." आज पहिल्यांदाच तिने त्यांचं कौतुक केलं.

२० सप्टेंबर
गुरुजी आजारी. कालपर्यंत पोट फुगलेलं. आज काटकीला उलटे चिकटून, मागच्या बाजूने फेस. दाढीच्या साबणासारखा. तो वाळून तपकिरी, कडक झाला. घाबरून मेहुण्याला व्हिडिओ कॉल लावला.
तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाला, "भाऊजी, अंडी आहेत त्यात. शंभर, दोनशेही असतील. वरचा फेस त्यांचं संरक्षण करतो. तुमचे गुरुजी बाई आहेत."
"आणि तो शिष्य?"
"मिस्टर."
मागून बायकोच्या हसण्याचा आवाज. ती जमिनीवर बसून हसत होती. हसता हसता म्हणाली, "गुरुजी निघाल्या बाई!" शेजारच्यांनी दार वाजवून सगळं ठीक आहे ना विचारलं.
मला पहिल्यापासून शंका होतीच. आजपासून नाव: बाई. आदर तोच.

२१ सप्टेंबर
मेहुणा आता रोज न विचारता माहिती पाठवतो. मादी नराला दर वेळी खातेच असं नाही, पण भुकेली असेल तर खाते. यांना कान एकच, तोही छातीवर. आणि जवळचे नातेवाईक कोण, तर झुरळ आणि वाळवी.
हे मात्र मी मानत नाही. बाईंचं घराणं असं असणं शक्य नाही. बायको म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी स्वयंपाकघरात तुमच्या बाईंचे चुलतभाऊ चपलेने मारतेय." शुद्ध दुष्टपणा.
संकल्प: एकाच कानाने ऐकायचं.

२३ सप्टेंबर
एका कानाने ऐकल्यामुळे एका गिऱ्हाइकाला जवळचा चष्मा दूरचा म्हणून गेला. ते जिना उतरताना शेवटच्या पायरीनंतर आणखी एक पायरी उतरले. संकल्प तात्पुरता स्थगित.

६ ऑक्टोबर
मालकांनी बोलावलं! नव्या शाखेचं उद्घाटन ४ नोव्हेंबरला. शोकेसचं काम फिटरकडे आणि माझ्याकडे. फिटरकडे दिवे, फ्रेमची मांडणी, आरसे, पडदे. माझ्याकडे काच पुसणं. म्हणजे बाहेरून जगाला जे दिसणार ते माझ्या हातात. फिटर फक्त आतलं बघणार.
घरी सांगितलं. बायको म्हणाली, "छान." ती कपाटातले जुने कपडे काढून वेगळे ठेवत होती. तिला अधूनमधून आवराआवरीचं येतं.

१४ ऑक्टोबर
बाई गेल्या. या वेळी खरोखरच.
गेले काही दिवस खात नव्हत्या. एक पाय गळून पडला होता. काल मी समोर धरलेली माशी त्यांच्या हातातून निसटून गेली, आणि त्या नुसत्या बघत राहिल्या. आज कुंडीत खाली आडव्या. हात जोडलेलेच. रंग उडालेला.
आजवर मी त्यांना काय काय समजलो. त्यांनी कधी काही समजून घेतलं नाही, आणि तेच बरं वाटायचं.
बायकोने मातीत छोटा खड्डा केला. मी बाईंना त्यात ठेवून वर माती लोटली. चहा तिने केला. एरवी संध्याकाळचा मी करतो.

२५ ऑक्टोबर
कल्पना! शोकेसमध्ये काहीतरी नैसर्गिक हवं असं मालक म्हणत होते. बाईंनी ज्या काटकीवर अंड्यांचा तो कडक गोळा केलाय ती सुंदर वाकडी आहे. ती कापून नेली, बरोब्बर मध्ये उभी केली आणि तिच्यावर सगळ्यात महागडी फ्रेम लटकवली. फिटरने वर छोटे पिवळे दिवे लावलेत, छान ऊब असते.
फिटरने विचारलं, "हे तपकिरी काय चिकटलंय?"
म्हटलं, "डिझाइन."
मालक लांबून बघून म्हणाले, "काटकी चांगली आहे." माझ्या कामाबद्दल मालकांनी उच्चारलेले हे पहिले शब्द.

३ नोव्हेंबर
भाषण तयार. "मॅनेजर या नात्याने दोन शब्द..." आरशासमोर म्हटलं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "अहो, उद्याचं झालं की आपल्याला बोलायचंय." मी म्हटलं, आत्ता बोल. ती म्हणाली, "नको. उद्याचं होऊ दे."
अभिनंदनासाठी शब्द जुळवत असणार.

४ नोव्हेंबर
सविस्तर लिहायला हवं, कारण लोक उद्या काहीही सांगतील.
दुकान भरलेलं. प्रमुख पाहुण्या म्हणून डोळ्यांच्या एक मोठ्या सर्जन आल्या होत्या. फीत कापली. मालकांनी त्यांना शोकेसमधली ती महागडी फ्रेम लावून बघायचा आग्रह केला. ती काटकीवरून काढून मीच त्यांच्या हातात दिली. त्यांनी लावली. फोटो काढायला सगळे थांबले.
त्या म्हणाल्या, "डोळ्यांसमोर काहीतरी हलतंय."
मी म्हणालो, "चाळिशीनंतर होतं, मॅडम."
त्या म्हणाल्या, "मी रोज लोकांना हेच सांगते. पण हे मला हात जोडतंय."
बघितलं. डाव्या काचेवर मुंगीएवढं पिल्लू. पुढचे दोन हात जोडलेले. मग शोकेसकडे बघितलं. काटकीवरच्या त्या तपकिरी गोळ्यातून बारीक धाग्यांवर लोंबकळत पिल्लं उतरत होती. काटकीवर, आरशांवर, पडद्यांवर, किमतीच्या चिठ्ठ्यांवर. प्रत्येकाचे हात जोडलेले. इतकं सुंदर दृश्य मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं.
तेवढ्यात कुणीतरी किंचाळलं.
गोंधळ आवरणं मॅनेजरचं काम. मी स्टुलावर चढलो आणि मोठ्या आवाजात सांगितलं, "घाबरू नका! निरुपद्रवी आहेत! दोनशेच्या आसपास असतील, पण भूक लागली की एकमेकांना खातात, थोडेच उरतील!"
यानंतर दुकान रिकामं झालं.
सर्जनबाई जाताना फ्रेम घालूनच गेल्या. फिटरने दिवे बंद केले, दारं उघडली, एका मऊ ब्रशने पिल्लं कागदावर घेऊन बाहेरच्या कुंपणावर सोडत बसला. मालक खुर्चीत बसले होते. त्यांच्या टकलावर दोन होती. मी सांगणार होतो, पण त्यांची मनःस्थिती पाहिली.
फार वेळाने म्हणाले, "तुम्ही आता आराम करा."
"उद्या किती वाजता येऊ?"
"तुम्ही आराम करा."
आजवर या माणसाकडून एक दिवसाची रजा काढताना घाम फुटायचा, आणि आज आपणहून, तीही न मोजता!

रात्री घरी
बायकोने माझ्या कॉलरमधून एक पिल्लू काढलं आणि गुलाबाच्या पानावर सोडलं. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. म्हणाली, "मी सप्टेंबरातच हो कळवलंय. पुढच्या आठवड्यात जायचंय. तुम्हाला सांगायचं धाडस होत नव्हतं. तुम्ही इतके खुशीत होतात."
मी म्हटलं, "मला विचारलं असतंस तर मीही हेच सांगितलं असतं."
"तुम्ही नको म्हणाला होतात."
"तुझी परीक्षा बघत होतो."
ती हसली नाही. म्हणाली, "याल ना पण?"
मी म्हटलं, विचार करून सांगतो. विचार केला. तिने ताट वाढेपर्यंत. मग हो म्हटलं.

६ नोव्हेंबर
फिटर मॅनेजर झाला. दुकानात सामान आणायला गेलो तेव्हा कळलं. खरं तर हे माझं यश: शोकेस आम्ही दोघांनी मिळून केली होती. त्याने माझा डबा, छत्री आणि नावाची पट्टी एका पिशवीत घालून ठेवली होती. म्हणाला, "कुंपणावर अजून काही आहेत. बघून जा." बघून आलो. दोनच दिसली. एक दुसऱ्याला खात होतं.

२ डिसेंबर
नवं गाव. घर चांगलं आहे. गॅलरी नाही, पण खिडकी मोठी आहे. बायको सकाळी जाते, सगळे तिला मॅडम म्हणतात. शेजारच्या काकूंनी मला विचारलं, तुम्ही काय करता? म्हटलं, संशोधन. त्या म्हणाल्या, मग दुपारी घरी असालच, आमचा गॅस सिलेंडर घ्याल का?
दोन चष्म्याच्या दुकानांत जाऊन आलो. दोघांनीही जुन्या मालकांना फोन केला. दोघांनीही फोन ठेवल्यावर दुकानभर नजर फिरवली, विशेषतः कोपऱ्यांत.
संकल्प: मिळेल ती नोकरी नाही. माझ्या ज्ञानाला साजेशी नोकरी.

१५ डिसेंबर
मिळाली!
मोठी कंपनी. मुलाखतीत विचारलं, कीटकांचा अनुभव? मी बाईंपासून सुरुवात केली. कात, कान, डोळ्यांतला ठिपका, झुरळाशी असलेलं नातं, सगळं सांगितलं. ते तोंड उघडं ठेवून ऐकत होते. म्हणाले, असा माणूस आजवर आला नाही. लगेच घेतलं. घरोघर जाऊन लोकांशी कीटकांबद्दल बोलायचं. मेहुण्याला मुद्दाम फोन करून कळवलं की आता आपण एकाच क्षेत्रात आहोत. त्याने कंपनीचं नाव विचारलं. सांगितलं. बराच वेळ नेटवर्क गेलं होतं.

१६ डिसेंबर, सकाळ
पहिला दिवस. पाठीवर अडकवायची टाकी दिली, नळी दिली, तोंडाला मास्क. गणवेश पिवळा. पाठीवर मोठा कीटक छापलाय, पाय वर करून उताणा पडलेला. आरशात मान वळवून बघितलं, पण कोणती जात ते ओळखू येईना.
बायकोला विचारलं. तिने माझी कॉलर नीट केली, डबा हातात दिला आणि म्हणाली, "काय फरक पडतो? मेलाय तो."